मंत्र्यांच्या कार्यालयातलं समन्वयाचं काम: लेकीला पाठवावं का?

प्रश्न: मी अकोले तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मुलगी २४ वर्षांची. राज्यशास्त्रात एम.ए. करून वर्षभर एका संस्थेत पाणलोटाच्या कामावर होती. एमपीएससीची पूर्व परीक्षा एकदा दिली, थोडक्यात राहिली. आता मुंबईत एका मंत्र्यांच्या कार्यालयातून अकरा महिन्यांच्या करारावर बोलावणं आलंय. केंद्र, राज्य आणि जिल्हा परिषद-ग्रामपंचायत यांच्या योजनांचा समन्वय, असं काम सांगतात. घरचे म्हणतात, ही नुसती पीएगिरी, अभ्यास सोडून कशाला जायचं? मुलगी मात्र ठाम आहे. या कामाला पुढे भवितव्य आहे का? आणि मुंबईत ती राहील कुठे? आमची स्वतःची अंगणवाडी अजून समाजमंदिरात भरते, असल्या योजनांवर माझा तरी फारसा भरवसा उरलेला नाही.
– एक आई

उत्तर:

ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही समाजमंदिराचं जे वाक्य लिहिलंत, तेच तुमच्या लेकीचं काम आहे. तिथूनच सांगतो.

तुमच्या अंगणवाडीत रोज तीन सरकारं एकत्र येतात. एकात्मिक बालविकास सेवा योजना केंद्राची, १९७५ पासूनची. तुमच्या मानधनातला केंद्राने ठरवलेला भाग २०१८ मध्ये ४,५०० रुपये झाला, त्यावरची भर राज्य घालतं. मोबाईलवर तुम्ही भरता तो पोषण ट्रॅकर दिल्लीचा. आदिवासी गावांतल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना राज्याची. आणि जागा, नळ, वीजबिल आलं की सगळे ग्रामपंचायतीकडे बोट दाखवतात. १९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे देता येतील असे २९ विषय अकराव्या अनुसूचीत घातले, महिला व बालविकास त्यातलाच एक. पण त्यातले अधिकार आणि पैसा प्रत्यक्षात किती द्यायचा, हे राज्यावर सोडलं.

आता इमारतीचं बघा. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात केंद्राने अंगणवाडीच्या इमारतीसाठी १२ लाखांचं सूत्र ठरवलं. त्यातले ८ लाख मनरेगातून (केंद्राचा रोजगार हमीचा कायदा, त्याच्या जागी २०२५ च्या अखेरीस संसदेने नवा कायदा मंजूर केला), २ लाख ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या किंवा दुसऱ्या अबंधित, म्हणजे कशावर खर्चायचा याचं बंधन नसलेल्या, निधीतून आणि २ लाख महिला व बालविकास खात्याचे, तेही केंद्र आणि राज्यात वाटलेले. कागदावर बेरीज चोख येते. पण मनरेगाचा पैसा यायचा तर काम आराखड्यात लागायचं आणि मजुरी-साहित्याचं ६०:४० प्रमाण सांभाळावं लागायचं. इमारतीत तर साहित्याचाच खर्च मोठा. म्हणजे जिल्ह्यात मजुरीची इतर कामं पुरेशी निघाली, तरच इथल्या सिमेंट-सळईला वाव. ग्रामपंचायतीचे २ लाख केव्हा, तर ग्रामसभेने ते विकास आराखड्यात धरले असतील तेव्हा. जागेचा उतारा ग्रामपंचायतीच्या नावे हवा, आणि तुमच्या भागात जागा वनखात्याची निघाली तर प्रकरणाला निराळीच वाट धरावी लागते. खात्याच्या २ लाखांना राज्याचा हिस्सा पडावा लागतो. यातला एक जण थांबला की भिंती छातीएवढ्या उभ्या राहतात आणि काम तिथेच थांबतं. प्रत्येक कार्यालयात विचारा, उत्तर मिळेल, ‘आमच्याकडे काही प्रलंबित नाही’. बहुतेक वेळा ते खरंही असतं.

समन्वयकाचं काम इथे सुरू होतं. आधी ती यादी उघडते. एका पोर्टलवर गावाचं नाव ‘बुद्रुक’सकट पूर्ण लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘बु.’, तिसऱ्यावर गट ग्रामपंचायतीतल्या दुसऱ्याच गावाच्या नावाखाली. ते जुळवायचं. मग गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला फोन करून ग्रामसभेच्या ठरावाची तारीख विचारायची, बांधकाम उपविभागाकडून तांत्रिक मान्यतेची प्रत मागवायची, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडून इमारत नसलेल्या अंगणवाड्यांची यादी घ्यायची. आणि मंत्र्यांसमोर अर्ध्या पानाची टिपणी ठेवायची. त्यात तीनच गोष्टी हव्यात. काम कुठे अडलंय, ते सोडवायचा अधिकार कुणाला आहे, आणि त्या माणसाकडून नेमकं काय हवंय. पन्नास पानांचं सादरीकरण कुणीही करून देतं. ही अर्ध्या पानाची टिपणी लिहिणारी माणसं थोडी आहेत, आणि मंत्रालयात अशा माणसाला लवकर ओळखतात.

अडचण एका गावाची असेल तर ती जिल्ह्यात सुटते. तिथेही दोन दारं आहेत. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती, जिला सगळे अजून डीपीडीसीच म्हणतात, राज्याच्या जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा ठरवते. ‘दिशा’ समितीचं अध्यक्षपद खासदारांकडे, आणि ती केंद्राच्या योजनांचा आढावा घेते. दोन्हींचे सदस्य सचिव जिल्हाधिकारीच. कुठला प्रश्न कुठल्या बैठकीत मांडायचा हे कळणं, हे या कामातलं निम्मं कौशल्य. डीपीडीसीत केंद्राच्या निकषावर तासभर भांडून काही निष्पन्न होत नाही, तो निकष बदलण्याचा अधिकार त्या सभागृहात कुणालाच नसतो.

आणि तीच अडचण साऱ्या राज्यात दिसू लागली, तर प्रश्न दिल्लीचा होतो. मग आकडेवारी गोळा करून अर्धशासकीय पत्राचा मसुदा करायचा, खात्याच्या सचिवांकडून तो तपासून घ्यायचा, आणि केंद्रीय मंत्रालयात त्याचा पाठपुरावा दिल्लीतल्या निवासी आयुक्तांच्या कार्यालयामार्फत करायचा. हा वरचा प्रवास संथ असतो, पण व्यर्थ नसतो. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे रोजगार हमीची कामं उभी राहिली, १९७७ मध्ये राज्याने तिचा कायदा केला, आणि २००५ मध्ये संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. रोजगार हमीचे जनक मानले जाणारे वि. स. पागे यांच्यासारख्या माणसाने धरून ठेवलेली कल्पना राज्यातून देशात गेली. तुमच्या लेकीला हे काम का ओढतंय, ते मला यातून समजतं.

घरच्यांच्या ‘पीएगिरी’ या शब्दाला मात्र मी उडवून लावणार नाही. मंत्र्यांच्या कार्यालयात खाजगी सचिव असतात, विशेष कार्य अधिकारी असतात, स्वीय सहायक असतात, आणि त्यांच्याभोवती करारावरची तरुण मुलं असतात. या मुलांच्या हाती पद काहीच नसतं, नाव मात्र मोठ्या माणसाचं असतं. त्यामुळे काहींच्या वाट्याला योजनांचं काम येतं, तर काहींचा सगळा दिवस भेटीगाठींच्या चिठ्ठ्या, सत्कार आणि समाजमाध्यमांवरच्या फोटोंत जातो. लेकीच्या वाट्याला यातलं काय येणार, हे होकार देण्याआधी कळायला हवं.

त्यासाठी तिला सांगा, नियुक्तीपत्र हातात घेतल्याशिवाय एमपीएससीची पुस्तकं बांधून ठेवू नकोस. त्या पत्रावर नेमणारा कोण आहे ते आधी बघायचं. शासन निर्णयाने झालेली नेमणूक, बाह्यस्रोत कंपनीमार्फत झालेली, सल्लागार संस्थेच्या प्रकल्प कक्षातली, किंवा मंत्र्यांनी स्वतःच्या खर्चाने ठेवलेला माणूस, या चार वेगळ्या नोकऱ्या आहेत. पगार कोण देतं, अनुभव प्रमाणपत्रावर सही कुणाची, काम कुणाला दाखवायचं, हे चारही ठिकाणी वेगळं. चौथ्या प्रकारात मंत्र्यांचं खातं बदललं की दुसऱ्या दिवशी काम संपतं आणि दाखवायला कागदही राहत नाही. पगार किती हा प्रश्न मी यानंतरचा मानतो.

दुसरी गोष्ट मी तिला समोर बसवून सांगितली असती, ती तुम्ही सांगा. गटविकास अधिकाऱ्याला फोन करताना तिला आदेश द्यायचा अधिकार नाही, माहिती मागायचा आणि विनंती करायचा आहे. समोरचा माणूस वीस वर्षं नोकरी करून तिथे आलेला असतो. ‘साहेबांनी सांगितलंय’ या दोन शब्दांवर जी मुलं काम काढतात, त्यांचे फोन पुढे कुणी उचलत नाही. आणि बदल्या, ठेकेदारांची बिलं, निविदा या तीन विषयांवर कुणाच्याही सांगण्यावरून एकही फोन करायचा नाही. वरिष्ठांनी तोंडी सांगितलं तरी ‘मला लेखी द्या’ म्हणायचं. त्यामुळे नोकरी गेली तर जाऊ द्या, मी तुमच्या जागी असतो तर तिला घरी आणून पाठ थोपटली असती.

आता अभ्यासाचं. नोकरी करता करता एमपीएससी करेन असं ती म्हणत असेल, तर त्यावर विसंबू नका. विधिमंडळ अधिवेशनाच्या काळात या कार्यालयांत रात्रीचे अकरा वाजतात. उद्याच्या तारांकित प्रश्नांची उत्तरं तपासायची असतात, लक्षवेधीची माहिती जिल्ह्यातून यायची असते, आणि हिवाळ्यात हे सगळं बिऱ्हाड नागपूरला हलतं. दोन दगडांवर पाय ठेवून दोन्ही बुडण्यापेक्षा वर्षभर एकच धरावं. वयाची घाई नाही, राज्यसेवेला खुल्या गटाला ३८ वर्षांपर्यंत आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत मुभा आहे. शिवाय गटविकास अधिकारी, नगर परिषदेचा मुख्याधिकारी, मंत्रालयातला सहायक कक्ष अधिकारी ही एमपीएससीतून मिळणारी पदं म्हणजे हेच समन्वयाचं काम, फक्त खुर्ची आणि अधिकार असलेलं. वर्षभर हे काम आतून बघून ती परत अभ्यासाला बसली, तर मुलाखतीत तिच्यासमोर बसणाऱ्यांना फरक लगेच कळेल.

याच वाटेने जायचं, पण जास्त पक्क्या पायरीवरून, असं वाटत असेल तर मुख्यमंत्री फेलोशिपची जाहिरात लक्षात ठेवा. २१ ते २६ वय, पदवीला किमान ६० टक्के, वर्षभराचा अनुभव आणि मराठी चांगली, अशा तिच्या अटी राहिल्या आहेत, आणि पदवीचे टक्के जमत असतील तर तुमची लेक त्यात बसते असं पत्रावरून दिसतं. निवड अर्थ व सांख्यिकी संचालनालयामार्फत होते, काम १२ महिन्यांचं आणि सरकारी चौकटीतलं. ही योजना मध्ये काही वर्षं बंदही होती, म्हणून ताजी जाहिरात वाचूनच अर्ज करा. दिल्लीत खासदारांबरोबर संसदीय काम शिकवणारी, पीआरएस या संशोधन संस्थेची लॅम्प फेलोशिपही आहे. तिला वयाची अट २५ ची, म्हणजे आता नाही तर नाही.

पुढच्या भवितव्याबद्दल सरळ सांगतो. या कामाला निवृत्तीवेतन नाही, बढतीची शिडी नाही. पण यातून तयार झालेल्या माणसाला खात्यांच्या प्रकल्प कक्षांत, ‘मित्रा’सारख्या राज्याच्या धोरण-सल्लागार संस्थेत, मोठ्या सामाजिक संस्थांत आणि धोरण-संशोधनात काम मिळतं. दोन-तीन वर्षांनी सार्वजनिक धोरणात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं ठरलं तर आयआयटी मुंबई किंवा बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासारख्या ठिकाणी असा अनुभव कामी येतो. शासन निर्णय वाचून त्यातली अट शोधणं, मराठीत नेमकी टिपणी लिहिणं आणि इंग्रजीत दिल्लीला पत्र लिहिणं, एक्सेलमध्ये दोन याद्या जुळवणं, एवढं ज्याला येतं तो रिकामा राहिलेला मी पाहिलेला नाही.

माझं मत विचाराल तर, पत्र लेखी आणि काम योजनांचं असेल तर पाठवा. फक्त एक मागणी तिने सुरुवातीलाच करावी: पहिले दोन-तीन महिने मला जिल्ह्यात काम द्या. मंत्रालयातून सुरुवात करणाऱ्याला योजना म्हणजे आकड्यांचा तक्ता वाटू लागतो, आणि ‘९४ टक्के पूर्ण’ हे वाचून तो पुढे जातो. पंचायत समितीच्या मासिक सभेत बसलेल्याला ते राहिलेले ६ टक्के कुठल्या वाड्या आहेत ते माहीत असतं. तिच्याकडे पाणलोटाचा एक वर्षाचा अनुभव आहे, आणि घरात तुम्ही आहात. जायच्या आधी एक दिवस तिला तुमच्याबरोबर बसवा. तुमची रजिस्टरं, ट्रॅकरमध्ये न चढलेल्या नोंदी, पर्यवेक्षिकेला दिलेले इमारतीचे अर्ज आणि त्यांच्या पोचपावत्या, सगळं दाखवा. असं शिक्षण तिला कुठल्याही विद्यापीठात मिळालेलं नाही.

राहण्याबद्दल. ‘आमदार निवासात एखादी खोली बघू’ असं कुणी म्हणालं, तर आभार मानून नाही म्हणा. नोकरी देणाऱ्याच्या सोयीने मिळालेल्या छपराखाली राहिलं की कामात नाही म्हणणं जड जातं. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांत जागा मिळायला वेळ लागतो, म्हणून बोलणी पक्की होण्याआधीच अर्ज टाका. तोवर हार्बर किंवा मध्य रेल्वेच्या मार्गावर दोन-तीन मुलींनी मिळून घेतलेली खोली चालेल, कारण सीएसएमटीला उतरून मंत्रालयापर्यंत थेट बस आहे. पगाराचा आकडा ठरवताना खोलीचं भाडं, अनामत आणि रात्री उशीर झाला तर टॅक्सीचा खर्च त्यात धरा, आणि उशीर झाल्यावर घरी सोडायची सोय कार्यालय करणार का, हे नियुक्तीपत्राच्या वेळीच विचारून घ्या.