पाहुणा चीनहून येतो तेव्हा

केंब्रिजमध्ये उन्हाळी अभ्याससहलीला येणाऱ्या चिनी विद्यार्थ्याला तुम्ही प्रथमच घरी ठेवून घेत आहात, म्हणून अनुभवाचे चार शब्द लिहिते. चिनी नावात आडनाव आधी येते, तेव्हा कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, हे पहिल्याच संध्याकाळी विचारा. पाण्याकडे मात्र विशेष लक्ष द्या. चीनमध्ये उकळलेले, गरम पाणी पिण्याची सवय घरोघरी असते. नळाचे थंड पाणी पुढे केले, तर मूल भिडेपोटी घोटभर घेते आणि दिवसभर तहानलेले राहते. माझ्याकडच्या पहिल्या मुलीने तीन दिवस असेच काढले, आणि चौथ्या दिवशी मी गरम पाण्याचा थर्मास दिला, तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. चीनचे घड्याळ उन्हाळ्यात येथल्यापेक्षा ७ तास पुढे असते, म्हणून आईवडिलांशी बोलणे वर्ग सुटताच, दुपारी होऊ द्या. किंग्ज कॉलेजच्या पुलाजवळ चिनी कवी शू झिमो यांच्या केंब्रिजवरच्या कवितेच्या ओळी कोरलेली शिळा २००८ मध्ये बसवली आहे. त्या ओळी बहुतेक मुलांना शाळेपासून पाठ असतात. तेथे त्याला घाईच्या गटाबरोबर न पाठवता स्वतः न्या आणि त्या मोठ्याने म्हणायला सांगा.