घर माझंच आहे, मग दरवर्षी टॅक्स कशाचा?

तुम्ही विचारलंय की घराचे सगळे पैसे फेडून झाले, घेताना स्टॅम्प ड्युटीही भरली, तरी हा मालमत्ता कर दरवर्षी का, आणि त्याने रोजच्या जगण्यात काय फरक पडतो.

स्टॅम्प ड्युटी व्यवहारावर असते, एकदा भरली की विषय संपला. मालमत्ता कर लागतो तो मालमत्ता तुमच्याकडे आहे म्हणून, आणि तो बहुतेक ठिकाणी नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेकडे जातो. गटार, कचरा, रस्त्यावरचे दिवे हा खर्च दरवर्षीचाच असतो ना, म्हणून करही दरवर्षी.

पण मला यात खरंच खटकतं ते वेगळंच आहे. कमाई थांबली की इन्कम टॅक्स थांबतो, हा थांबत नाही. आसपासचे भाव वाढले की घराची किंमत कागदावर वाढते आणि बिलही वाढू शकतं, पण पेन्शनवर जगणाऱ्या माणसाच्या हातात त्यातला एक पैसा येत नाही, घर विकल्याशिवाय येणार कुठून? कॅलिफोर्नियात याच रागातून १९७८ साली लोकांनी मतदान करून कराचा मूळ दर १ टक्क्यावर बांधून टाकला आणि घर विकलं जात नाही तोवर करासाठी धरायची किंमत वर्षाला फार तर २ टक्केच वाढवायची असं ठरवलं. जुन्या लोकांना दिलासा मिळाला, पण शेजारी शेजारी तशीच दोन घरं आणि नव्याने घेणारा कितीतरी पट जास्त भरतोय असंही झालं, ते मला काही न्याय्य वाटत नाही.

आणि कर कशावरून मोजता यावरही माणसं कशी राहतात ते ठरतं बरं का. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ खिडक्या मोजून कर घ्यायचे, तर लोकांनी विटा लावून खिडक्याच बुजवल्या, म्हणजे घरातला उजेड आणि हवाच गेली!

भाडेकरूंनी आपला काय संबंध म्हणू नये, मालक बऱ्याचदा तो भाड्यात धरूनच चालतो.

तुमचं बिल आलं की आधी क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष आणि वापर निवासी लिहिलाय की व्यावसायिक एवढं नीट बघा, कारण आकारणी बहुतेक यावरूनच होते. चूक दिसली तर मुदतीत लेखी हरकत घ्या आणि पोच घ्यायला विसरू नका.