दोनशेचा प्लॅन, चौऱ्याण्णवचा स्पीड

घरच्या कॉम्प्युटरबद्दल काय अडतंय ते कळवा म्हटलं होतं, तर या वेळी आलेल्या प्रश्नांमध्ये निम्म्याहून जास्त जणांचं म्हणणं एकच, नेट रखडतंय. त्यातले पाच निवडलेत. पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय कारण त्यात माझंही दुखणं आहे.

प्रश्न : ताई नमस्कार. मी सांगलीचा, रिटायर्ड माणूस. फायबरचा २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय. मोबाईलवर स्पीड टेस्ट केली की १८० च्या पुढे येतो, पण डेस्कटॉपवर ९४ च्या वर काटा हलत नाही, आणि डेस्कटॉपला तर राउटरमधून सरळ केबल आहे. तक्रार केली तर माणूस येऊन बघून गेला आणि म्हणाला कॉम्प्युटर फॉरमॅट करा. दोनदा केला. ९४ ते ९४ च.

उत्तर : काका, आधी एक विनंती, आता तिसऱ्यांदा फॉरमॅट करू नका. फॉरमॅट म्हणजे आपल्याकडे अंगारा झालाय, कशालाही लावतात. दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला.

तुमचा तो ९४ चा आकडाच सगळं सांगतोय. नेट खरंच स्लो असेल तर आकडा नाचतो, कधी ६०, कधी ११०, कधी ३५. दर वेळी ९४ किंवा ९५ वरच येऊन थांबतोय याचा अर्थ राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यामधली लाईन १०० वर अडकलीय, आणि त्या १०० मधले पाच-सहा डेटाच्या पाकिटांवरचे पत्तेबित्ते लिहिण्यातच जातात म्हणून हातात ९४ पडतात.

आता ती १०० वर का अडकते ते बघा. लॅन केबलच्या आत आठ बारीक वायरी असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, केशरी, हिरवी, निळी आणि तपकिरी. १०० च्या स्पीडला केशरी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. म्हणजे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी वायर तुटली तरी नेट बंद पडत नाही, राउटर आणि कॉम्प्युटर आपापसात ठरवून गुपचूप १०० वर येतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. बंद पडलं असतं तर त्याच दिवशी सापडलं असतं ना!

हे मी एवढं ठामपणे सांगतेय कारण माझ्या घरी हे जवळजवळ दीड वर्ष चाललं होतं. माझा प्लॅन होता १५० चा, डेस्कटॉपवर ९४, आणि मी दर महिन्याला बिल भरताना केबलवाल्या पोराशी हुज्जत घालायचे, तो बिचारा दर वेळी राउटर बंद करून चालू करून जायचा. शेवटी दिवाळीच्या साफसफाईत पलंग सरकवला तर केबल पलंगाच्या पायाखाली चेपून पापड झालेली. टोकाचा प्लास्टिकचा जॅक तोडून बघितलं तर तपकिरी वायर आतल्या आत तुटलेली, हात लावला तर टोक हातात आलं. केबल बदलली, १४६. त्या पोराला फोन करून सॉरी म्हटलं, तो म्हणाला असू दे ताई, सगळ्यांच्या घरी असंच असतं.

तेव्हा तुम्ही आधी हे बघा. विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्कमध्ये जाऊन इथरनेटवर क्लिक करा, खाली लिंक स्पीड म्हणून ओळ असते. तिथे १००/१०० दिसलं की चोर सापडला, १०००/१००० दिसलं तर मी चूक, परत लिहा. मग जॅक काढून नीट खटका वाजेपर्यंत परत बसवा, जॅकची क्लिप मोडली असेल तर तो हळूहळू बाहेर सरकतो. मग दुसरी केबल लावून बघा, शेजाऱ्यांची मागून आणलीत तरी चालेल. नवी घेणार असाल तर कॅट-५ई किंवा कॅट-६ (ही लॅन केबलच्या जातींची नावं) मागा आणि पूर्ण तांब्याचीच मागा, कारण स्वस्तातल्या बऱ्याच केबलींमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो, दोन-चारदा वाकवली की तुटते. आणि हो, काही ठिकाणी बसवणारा माणूस चारच वायरींची केबल टाकून जातो, ती जन्मात १०० च्या वर जाणार नाही.

केबल बदलूनही १०० च राहिलं तर पोर्ट बघा. फायबरच्या बऱ्याच डब्यांना मागे चार पोर्ट असतात आणि त्यातला एकच १००० चा असतो, बाकीचे १०० चे, त्यामुळे केबल एकेका पोर्टमध्ये घालून बघायची. कॉम्प्युटर फारच जुना असेल तर त्याचा स्वतःचा पोर्टच १०० चा असू शकतो. तसं असेल तर १००० चं साधं लॅन कार्ड मिळतं, ते बसवा, सगळा कॉम्प्युटर बदलायची गरज नाही.

प्रश्न : १०० चा प्लॅन आहे पण मोठी फाईल डाउनलोड करताना १२ च दिसतात. बाकीचे ८८ कुठे जातात? (लातूर)

उत्तर : कुठेच जात नाहीत. प्लॅन मेगाबिटमध्ये विकतात आणि डाउनलोडची खिडकी मेगाबाइट दाखवते, आठ बिटांचा एक बाइट, १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. तुम्हाला पूर्ण मिळतंय. त्यांनी जाहिरातीत मोठा आकडा लिहिला यात नवल नाही.

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीजवळ राहते, बारावीत आहे. घर जुनं, जांभ्याच्या भिंती. राउटर खाली ओटीवर आणि माझा कॉम्प्युटर माडीवर. कॅबिनेटला मागे वाय-फायचा छोटा डोंगल लावलाय. मोबाईलवर माडीवर पण ३०-४० येतो, कॉम्प्युटरवर ६-७, आणि लेक्चरचे व्हिडिओ एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेताना तर डाउनलोड बंदच पडतं. डोंगल खराब आहे का?

उत्तर : डोंगल चांगला आहे गं, त्याची जागा वाईट आहे. टेबलाखाली, पत्र्याच्या कॅबिनेटच्या मागे, भिंतीला चिकटून, म्हणजे एका बाजूला पत्रा आणि दुसऱ्या बाजूला दीड फूट जांभा, त्याने ऐकायचं तरी कुठून? तुझा मोबाईल तू हातात धरतेस, त्याला मोकळी हवा मिळते, एवढाच फरक.

आणि तू हार्ड डिस्कचं लिहिलंस ते फार बरं केलंस, ते बहुतेक जण लिहीतच नाहीत. हार्ड डिस्क लावतेस तो पोर्ट आतून निळा असेल बघ, तो यूएसबी ३. त्यातून डेटा पळत असताना जो गोंगाट होतो तो नेमका २.४ गीगाहर्ट्झच्या आसपास पडतो आणि साधा वाय-फाय त्याच पट्ट्यावर बोलत असतो. ही काही माझी थिअरी नाही, इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. डोंगल आणि हार्ड डिस्क शेजारी-शेजारी असली की डोंगलच्या कानाशी कोणीतरी ढोल वाजवतंय असंच समज.

उपाय स्वस्त आहे, यूएसबीची एक-दीड मीटरची एक्स्टेन्शन वायर आण, डोंगल तिच्या टोकाला लाव आणि टेबलाच्या वर, शक्यतो जिन्याच्या दिशेला लटकव. हार्ड डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये. राउटरमध्ये २.४ चं चॅनेल ऑटोवर असेल तर १, ६ आणि ११ पैकी एक-एक लावून बघ, हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, पण तुमच्याकडे शेजार लांब असेल तर याने फार फरक पडणार नाही. ५ गीगाहर्ट्झचा नवा डोंगल घे असं कोणी सांगेल, तो राउटरच्याच खोलीत छान चालतो, जांभ्याच्या भिंतीपुढे मात्र २.४ पेक्षाही लवकर हात टेकतो.

खरं म्हणजे बाबांना सांगून जिन्यावरून केबलच ओढून घे, १०० मीटरपर्यंत काही अडचण नाही आणि तुमचं घर काही तेवढं लांब नसेल. फक्त घराबाहेरून, पागोळ्यांखालून वगैरे नेऊ नका. कोकणातला पाऊस आणि विजा, जवळपास कडाडली की बाहेरून नेलेल्या तांब्याच्या वायरीतून झटका येतो आणि राउटर, कॉम्प्युटर दोघांचेही पोर्ट जातात.

प्रश्न : मी पुण्यात घरून काम करते. स्पीड टेस्ट कायम छान येते, पण संध्याकाळी साडेसहाच्या मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो. नवरा म्हणतो प्लॅन वाढवू. वाढवावा का?

उत्तर : थांबा, अजिबात वाढवू नका. आधी साडेसहाला घरात कोण येतं ते बघा.

तुमचा आवाज बाहेर जातो तो अपलोडने, आणि स्पीड टेस्टमध्ये आपण सगळे फक्त डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होतो. समजा मुलगा क्लासवरून आला, त्याचा फोन वाय-फायला जोडला गेला आणि दिवसभर काढलेले व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागले की अपलोडची वाट तुंबते. राउटरच्या आत रांग लागते आणि तुमच्या आवाजाची पाकिटं त्या रांगेत मागे उभी राहतात. मुलाचा फोन नाहीतर नवऱ्याचा लॅपटॉप, असंच काहीतरी असेल, शोधा.

नक्की कुठे तुंबतंय ते बघायची माझी पद्धत अशी. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून त्या काळ्या खिडक्या दोन उघडायच्या. एकीत पिंग, मग राउटरचा नंबर आणि शेवटी वजा टी (राउटरचा नंबर त्याच्या तळाच्या स्टिकरवर असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१). दुसरीत तसंच, फक्त नंबर ८.८.८.८, तो गुगलचा. पिंग म्हणजे समोरच्याला हाक मारून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजणं. दोन्ही चालू ठेवून मीटिंगला बसा. पहिल्या खिडकीत १, १, २, १ असे आकडे यायला हवेत, तिथेच २००-३०० दिसायला लागले तर गडबड तुमच्या खोलीतच आहे, वाय-फाय किंवा केबल. पहिली शांत आणि दुसरी उसळतेय तर तुंबलंय राउटरच्या पुढे, मग मुलाचा फोन दहा मिनिटं वाय-फायवरून काढा. दुसरी लगेच खाली आली तर तुमचे प्लॅनचे पैसे वाचले, फोटोंचा बॅकअप मीटिंग संपेपर्यंत थांबवून ठेवा, आणि राउटरमध्ये क्यूओएस नावाचं सेटिंग असेल तर त्यात तुमच्या कॉम्प्युटरला आधी वाट द्या. नाही आली तर मात्र कंपनीकडेच तक्रार करा, एका फायबरवर बत्तीस-चौसष्ट घरं वाटून घेतलेली असतात आणि संध्याकाळी सगळेच घरी येतात. तक्रार करताना त्या खिडकीचा फोटो जोडा, नुसतं नेट स्लो आहे म्हटलं की ते राउटर रिस्टार्ट करायला सांगतात.

प्रश्न : दहा वर्षांपूर्वीचा पीसी, विंडोज १०. क्रोम उघडायलाच दोन मिनिटं लागतात, डीएनएस १.१.१.१ करून बघितला, फरक नाही. (नाशिक)

उत्तर : डीएनएस म्हणजे साइटचा पत्ता सांगणारा, पत्ता विचारायला दुसऱ्या टपरीवर गेलात म्हणून रस्ता रुंद होत नाही. आणि तुमचं नेट स्लो नाहीच बहुधा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर लालभडक बसलेला असेल तर जुनी फिरणारी हार्ड डिस्क दमलीय. तिच्या जागी २५० जीबीची एसएसडी (फिरणारा भाग नसलेली, वेगवान डिस्क) टाकून घ्या, तोच पीसी आहे का असं वाटेल. मात्र विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे बँकेचे व्यवहार त्यावर करत असाल तर एसएसडी टाकतानाच दुकानदाराला ११ चढतं का ते विचारा. दहा वर्षांच्या मशीनवर बहुतेक चढत नाही.