लक्ष देताना डोळ्याची बाहुली मोठी होते म्हणतात. तेव्हा मेंदूत नेमकं काय चालू असतं?

मोठी होते, खरंय. १९६६ साली डॅनियल काहनेमन आणि जॅक्सन बीटी या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना आकडे लक्षात ठेवायला लावले. आकड्यागणिक बाहुली फुलत गेली, परत म्हणून दाखवताना आखडत गेली. पण हा फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. उजेड-अंधारात तीच बाहुली २ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंत बदलते!

हे दादाला सांगून माझं तोंड दुखलं. पुतण्याच्या क्लासने वर्गात कॅमेरे लावले आणि बाहुली मोजून म्हणे ‘लक्ष अहवाल’ द्यायला लागले. आमचं पोरगं तळाला. दादाने लगेच क्रिकेट बंद केलं. मी डोळे तपासण्याच्याच धंद्यात, म्हणून जाऊन बघितलं. पोराची जागा पश्चिमेच्या खिडकीशी, बॅच संध्याकाळची, ऊन थेट तोंडावर. बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झालेली. त्यात आपले डोळे गडद तपकिरी. बाहुली कुठे संपते हे साध्या कॅमेऱ्याला धड दिसतच नाही, इन्फ्रारेड लागतो. क्लासचे सर म्हणाले, “एआय आहे ते.” दादा म्हणाला, “तू चष्मे विक.”

तर मेंदूचं. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा चिमुकला पुंजका आहे, तो मेंदूभर सावध ठेवणारं रसायन, नॉरअ‍ॅड्रेनालिन सोडतो. त्याची हालचाल वाढली की बाहुलीही फुलताना दिसते. मात्र २०१६ साली माकडांवर घेतलेल्या नोंदींत सुपीरियर कॉलिक्युलस आणि सिंग्युलेट कॉर्टेक्स या मेंदूतल्या दुसऱ्या भागांचीही हालचाल बाहुलीशी जुळली. म्हणजे बाहुली पाहून अमुक एक जागा पेटली असं छातीठोकपणे सांगता येत नाही. माणसांच्या एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, इन्सुला आणि अँटीरियर सिंग्युलेट, म्हणजे ‘हे महत्त्वाचं, इकडे बघ’ म्हणणारं जाळं, बाहुलीसोबत हलताना दिसतं.

आणि मोठी बाहुली म्हणजे जास्त लक्ष, हे तर साफ चूक. अ‍ॅस्टन-जोन्स आणि कोहेन या संशोधकांनी २००५ साली मांडलं तसं, हा पुंजका मध्यम पातळीवर असून कामापुरता उसळतो तेव्हा लक्ष चांगलं लागतं. तो सतत चढलेला असेल तर मन चहूकडे भरकटतं, आणि बाहुली तेव्हा मोठीच असते. घाबरलेल्या पोराचीही मोठीच.

हां, प्रयोगशाळेत उजेड कायम ठेवून, एकच काम पुष्कळदा करून घेऊन सरासरी काढली की पद्धत उत्तम चालते. मी तिच्या विरोधात नाही. पण तुमच्याही मुलाच्या क्लासात असलं यंत्र आलं असेल, तर आधी विचारा: खोलीतला उजेड मोजता का? आमच्याकडे तेवढंही कुणी विचारलं नाही. पोराची जागा तीच आहे आणि बॅट अजून कपाटावर.