प्रोग रॉक लाइव्ह ऐकायला बसतोयस, तर आधी हे वाच

‘येस’ या प्रोग रॉक (प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) बँडच्या ‘येससाँग्ज’ या लाइव्ह अल्बमचा आवाज गढूळ वाटला म्हणालास. आहेच तो. 1973 चा तीन तबकड्यांचा अल्बम, ध्वनिमुद्रण बहुतेक 1972 च्या दौऱ्यातलं. बासरीच्या नाजूकपणाची अपेक्षा ठेवून बसलास तर वैतागशील. पण ड्रम्सकडे कान दे. येसचा ड्रमर बिल ब्रूफोर्ड ‘किंग क्रिमझन’ या दुसऱ्या बँडमध्ये गेला आणि त्याच्या जागी आलेल्या ॲलन व्हाइटला जेमतेम काही दिवसांत ही सगळी वेडीवाकडी गाणी उचलावी लागली. अल्बममध्ये बहुतेक ठिकाणी व्हाइट आहे, पण ‘पर्पेच्युअल चेंज’मध्ये अजून ब्रूफोर्डच. दोन्ही लागोपाठ ऐक: ब्रूफोर्ड ताल कापत जातो, व्हाइट ढकलत नेतो. मला व्हाइटचा रांगडेपणा आवडतो. यावरून माझी भांडणं झालीत, ते असो.

स्वच्छ आवाज हवा असेल तर जेनेसिस या बँडचा ‘सेकंड्स आउट’ (1977) घे. त्यांचा आधीचा गायक पीटर गेब्रियल नाही म्हणून नाक मुरडणारे भेटतील, त्यांचं फार मनावर घेऊ नकोस.

आणि ‘लाइव्ह’ या शब्दावर डोळे मिटून विश्वास नको. किंग क्रिमझनच्या ‘यूएसए’वर (1975) एडी जॉब्सनचं व्हायोलिन नंतर स्टुडिओत चढवलंय. उलट त्यांच्याच ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’चा बराचसा भाग मैफलीतला, फक्त टाळ्या काढून टाकलेला! लोकांची मतं वाचायचीच असतील तर दोनदा ऐकून झाल्यावर वाच. पहिल्यांदा हेडफोन नको, स्पीकरवर लाव, जरा मोठ्यानेच.