घास पिवळा पडला? युरियाआधी मुळावरच्या गाठी बघा

प्रश्न : लसूणघास पहिल्या कापणीनंतर पिवळा पडलाय, फूट थांबली आहे. बियाण्याला रायझोबियम (मुळावर गाठी धरून हवेतले नत्र पिकाला देणारे जिवाणू) लावले होते. दुकानदार एकरी एक गोणी युरिया आणि जिवाणूंची दुप्पट आळवणी (मुळाशी द्रावण ओतणे) सांगतो. करू का? (शेतकरी, ता. राहाता)

उत्तर : नका करू. वापशावर (जमीन ना चिखल, ना कोरडी असताना) चार-पाच झाडे खुरप्याने मातीसकट काढा. उपटलीत तर गाठी जमिनीतच तुटून राहतील. मुळे पाण्यात हलवून धुवा आणि गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर जिवाणू कामाला लागलेत. मग वाफ्यात पाणी साचते का, ते बघा. गाठ हिरवट असेल, तर ती काम करत नाही; गाठच नसेल, तर बहुधा पाकिटातच खोट.

अशा शेतात रिकामे पाकीट मागितले की बहुतेक वेळा सोयाबीनचे निघते! सोयाबीनचे रायझोबियम घासाच्या मुळावर गाठी धरत नाही. दुकानात घासाचे नसले की 'सगळं एकच असतं' म्हणून हेच गळ्यात मारतात. पाकिटावर 'लसूणघास' आणि अंतिम तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. पत्र्याखाली तापलेले पाकीट तर फुकटही नको. चुकीचे किंवा मेलेले जिवाणू दुप्पट टाकले तरी चुकीचे आणि मेलेलेच राहतात.

युरियाने चार दिवस हिरवेपणा दिसेल, पण गाठी धरायच्या थांबतील आणि तण माजेल. मग दर कापणीला गोणी आलीच. दुकानदाराला तेच हवे असते.

उभ्या पिकात घासाचेच ताजे रायझोबियम चाळलेल्या शेणखतात मिसळून संध्याकाळी ओळीलगत ओलीवर द्या. फरक पडतो, पण पेरणीआधी बियाण्याला लावण्याइतका नाही.

पुढची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरातच करा. एकरी १० किलो बियाण्याला रायझोबियम २५० ग्रॅम आणि स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू २५० ग्रॅम, पूर्ण गार झालेल्या गुळाच्या पाण्यात. गरम पाण्यात जिवाणू मरतात. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. थायरम हे बुरशीनाशक लावायचे तर आधी. जिवाणू नेहमी शेवटी. पेरताना एकरी चार गोणी सिंगल सुपर फॉस्फेट चुकवू नका, स्फुरदाशिवाय गाठी पोसत नाहीत.

चांगल्या घासात कोरड्या वजनावर १८-२० टक्के प्रथिने असतात, म्हणजे पेंडीचा खर्च इथेच वाचतो. पाकिटे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात मिळतात. वैरण बियाण्याच्या अनुदानाचे पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारा.

पाकिटाची पावती जपा. पेरणीनंतर महिन्याभराने एक झाड मुळासकट घेऊन आमच्या कार्यालयात या, गाठी आपण मिळून बघू.