एकदल आणि द्विदल खोडाच्या कापातला फरक पाठ करायची सोपी युक्ती आहे का?

पाठ करूच नका. 'द्विदल म्हणजे बंडलांचं एक वलय, एकदल म्हणजे विखुरलेली बंडलं' हे मीही घोकलं होतं (बंडल म्हणजे खोडातून पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांचा जुडगा) आणि अकरावीच्या प्रात्यक्षिकात त्याच वाक्यानं मला रडवलं.

त्या दिवशी वाट्याला भोपळ्याच्या वेलाचं खोड आलं. ओल्या ब्लेडनं वीसेक काप घेतले, त्यातला सगळ्यात पातळ सॅफ्रॅनिन या लाल रंगात रंगवला, धुतला, ग्लिसरिनच्या थेंबात ठेवला. बघते तर बाहेर पाच कंगोरे, मधे पोकळी आणि बंडलं दहा. पाच बाहेरच्या वलयात कंगोऱ्यांसमोर, पाच आतल्या वलयात खाचांसमोर. झायलेम, म्हणजे पाणी वाहणारा भाग, लालभडक उठून दिसत होतं, पण फ्लोएम, म्हणजे अन्न वाहणारा भाग, त्याच्या बाहेरही होतं आणि आतही. फ्लोएमच्या नळ्या इतक्या मोठ्या की त्यांच्यातली चाळणीसारखी भोकं दिसावीत. दुसरा काप लावला, तेच. मग दिसलं तसं काढलं.

सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला नाही. वहीकडे बघूनच म्हणाले, "द्विदलात वलय एकच आणि फ्लोएम फक्त बाहेर. पूस." मी पुसलं. सूर्यफुलाच्या खोडाची आकृती तोंडपाठ होती, ती काढली, मार्क मिळाले. भोपळ्याच्या कुळात फ्लोएम दोन्ही बाजूंना असतं हे बी.एस्सी.ला वाचलं तेव्हा आनंद झाला नाही, रागच आला. माझी पहिली आकृती बरोबर होती.

तुमच्या प्रश्नाबद्दल. बंडलांची मांडणी सगळ्यात शेवटी बघा. आधी झायलेम आणि फ्लोएमच्या मधे चपट्या पेशींच्या ओळी, म्हणजे कॅम्बियम, आहे का ते शोधा. एकदल मक्याच्या बंडलात ते सापडणार नाही, उलट प्रत्येक बंडलाभोवती दृढ ऊतींचं, म्हणजे जाड भिंतींच्या कडक पेशींचं, म्यान दिसेल. मूळ की खोड असा घोळ झाला तर झायलेमच्या सर्वांत बारीक नळ्या कुठल्या बाजूला आहेत ते बघा: खोडात केंद्राकडे, मुळात परिघाकडे. फुलझाडांच्या कापात मला या खुणेनं कधी दगा दिला नाही.

हो, कॅम्बियम नाही म्हणून एकदल खोड जाड होतच नाही, असं मात्र लिहू नका. ड्रेसिना एकदल आहे, तरी तिचं खोड वाढत जातं. तिथे बंडलांच्या बाहेरचा एक वेगळाच विभाजी (पेशींचं विभाजन होत राहणारा) थर आतल्या बाजूला नवी बंडलं तयार करत राहतो.

लेखी परीक्षेत नुसतं 'द्विदल खोड' विचारलं तर सूर्यफूल काढा, तिथे वाद घालू नका. पण समोर स्लाइड असेल तर स्लाइडच काढायची. कुणी न बघता पुसायला सांगितलं तर खोडरबर उचलू नका. मायक्रोस्कोप त्यांच्याकडे सरकवा आणि म्हणा, "सर, आधी एकदा बघता का?" मला तेव्हा हे सुचलं नाही.